पडलेल्या बाईनं परत चढायचं

"ह्या आमच्या प्रोफेसर मॅडम. ह्यांची आई आपल्याच फडात मोळ्या वाहायची. बघा, कुठनं कुठं आनलं आपन!"

संस्थेचे साहेब असं म्हणाले आणि टेबलाभोवतीचे सगळे माझ्याकडं बघायला लागले. बाजारात गाय बघतात तसे. प्राचार्यांनी मान डोलावली. मी चहाचा कप खाली ठेवला.

आणलं म्हणे. मी काय उसाची मोळी होते, उचलून आणायला? पाथर्डीच्या वसतिगृहात आमटीतलं पाणी पिऊन शिकले. पीएच.डी. माझ्या अकलेवर केली. मुलाखतीत पहिली आले म्हणून नोकरी मिळाली. ह्यांनी आणलं!

कारखाना साहेबांचा, आमचं इंजिनिअरिंग कॉलेजही साहेबांचंच. मी तिथं एर्गोनॉमिक्स शिकवते. काम माणसाच्या अंगाला झेपेल असं कसं आखायचं, अवजार हाताला कसं बेतायचं, माणसाच्या हातून चूक होते ती नेमकी कशामुळं होते, हा माझा विषय. स्टाफरूममध्ये मला 'खुर्चीवाल्या मॅडम' म्हणतात. म्हणोत.

त्या दिवशी साहेबांना माझ्याच विषयाची गरज पडली होती. त्यांच्या कारखान्याच्या फडात, कोल्हारच्या बाजूला, सुमन नावाची जामखेडकडची बाई पडली होती. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीला टेकवलेली फळी चढत होती. मानेवर पडली. आता तिचे हात उचलले जात नव्हते. नवऱ्यानं तक्रार केली, चौकशी लागली. तज्ज्ञाचं मत पाहिजे होतं.

"सरळ हाय मॅडम," साहेब म्हणाले. "बाई पडली, पन लगीच उठून तीच मोळी घिऊन परत चढली. मंजी पडल्यानं काय झालं न्हाई. हाताचं दुखनं तिचं घरचं. येवढं लिवून द्या."

"आधी बाईला बघते. फळी बघते."

"बघा की. पन लिवायचं तुमीच. तुमच्यातल्याच बाईनं लिवलं की कुनाला तोंड उघडायला जागा ऱ्हात न्हाई."

तुमच्यातल्या! मिरवायला आमच्या, आणि घाण निस्तरायला तुमच्यातल्या. चहा अजून गरम होता.

आधी फडात गेले. फळी पावलाएवढीच रुंद. दवानं ओली, चिखलानं गुळगुळीत. धरायला काही नाही. तिथून नगरच्या दवाखान्यात गेले. सुमनच्या गळ्याला पट्टा होता. नवरा चमच्यानं पाणी पाजत होता. मी विचारलं, "पडल्यावर परत का चढलात?"

तिला माझा प्रश्नच खुळा वाटला.

"चढावंच लागतं की. पडलेल्या बाईनं तीच मोळी घिऊन परत चढायचं. न्हाईतर भ्या बसतं म्हनत्यात. मुकादम हुबाच हुता खाली." मग जरा थांबून म्हणाली, "पाय माजाच घसरला, मॅडम. फळीला काय बोल लावायचा?"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ह्याच शब्दांत माझी आई बोलते.

मी लहान होते. आमच्या पाचटाच्या कोपीपासून फडापर्यंत आईच्या मागं मागं गेले होते. पहाटेचं दव. आई मोळी घेऊन ट्रॉलीची फळी चढली आणि वरून पाठीवर आली, अंगावर मोळी. मी बोंब ठोकली. मुकादम जागचा हलला नाही. म्हणाला, "उचल. आत्ताच्या आत्ता चढ. भ्या मोडलं पायजे." आईनं डोक्यावरची चुंबळ नीट केली. चढली. बाया म्हणाल्या, "वाघीन हाय गं!" तेव्हापासून आईची मान वळत नाही. हाक मारली तर ती सगळं अंग फिरवून बघते. आणि अजून अभिमानानं सांगते की मी परत चढले होते.

दुखावलेल्या मानेवर वजन दिलं तर काय होतं, ते मला पुढं पुस्तकांनी शिकवलं. पण त्या रिवाजाचा खरा उपयोग कळला तो सुमनच्या खाटेजवळ. भीती मोडायला कोण चढवतंय! बाई परत चढली की ती पडलीच नव्हती, असं म्हणता येतं. वाघीण म्हणायचं आणि मारायचं.

मी परत साहेबांसमोर बसले. म्हणाले, "फळी ओली होती, अरुंद होती, धरायला काही नव्हतं. चूक फळी लावणाऱ्याची. मान दुखावलेल्या बाईच्या डोक्यावर परत मोळी दिली, हा गुन्हा. माझं मत हेच. दुसरं मिळणार नाही."

साहेब हसले. "खाल्ल्या मिठाला तरी जागा, मॅडम."

"तुमचं मीठ म्या खाल्लं न्हाई, साहेब. तुमच्या साखरंत माझ्या आयची मान गेलीया."

रागात फडातली बोली तोंडात आली. येऊ दे. प्राचार्य खिडकीबाहेर बघत बसले.

विभागप्रमुखपद गेलं. प्रयोगशाळेला दुसरं कुलूप लागलं. आता पहिल्या वर्षाला ड्रॉइंग शिकवते. सोबतचे म्हणतात, "मॅडम, जरा जुळवून घ्यायचं होतं." आई म्हणते, "कशाला वैर घेतीस? पाय माजाच घसरला हुता." तिची समजूत मला काढता आली नाही. निघणारही नाही. सुमनचे हातही परत येणार नाहीत, डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय.

चौकशीत सुमनच्या बाजूनं मी साक्ष देणार आहे. नोकरी जाईल, ठाऊक आहे. पण तेवढ्यावर भागणार नाही. हंगाम लागला की मी फडाफडानं फिरणार. भाषण नाही ठोकणार. बायांना एवढंच सांगणार: पडलात तर उठू नका. मुकादम शिव्या देईल, देऊ द्या. सोबतच्या बाया 'ऊठ, वाघीन हाईस तू' म्हणतील, म्हणू द्या. ट्रॉली अडू द्या, कारखाना अडू द्या. तिथंच, फळीखाली, पडून राहा.