चार बोटं ठेवून

थंडीने बांधावरचं गवत करपलंय, पण माझ्या वडिलांनी, आप्पांनी, गाईंसाठी लावलेली नव्या वाणाची लसूणघास हिरवीगार आहे. वहिनी ती जमिनीपासून चार बोटं ठेवून कापते, म्हणजे पुन्हा फुटते.

पंधरा दिवसांपूर्वी मी विळा मागितला. "राहू द्या ताई, हाताला वास राहील," वहिनी हसली. तरी मी एक ओळ कापली, पार मातीलगत. आप्पांनी विळा माझ्याकडून घेऊन तिला दिला.

मी हॉस्टेलवर शिकत असताना या घराला तिच्या हाताची सवय झाली. तिच्या ओळी आता वीतभर वाढल्यात. माझ्या ओळीत नुसती माती दिसते. रोज सकाळी मी आधी तिथेच वाकून बघते, आणि तिच्या ओळींवर दव गोठावं, त्याही बांधावरच्या गवतासारख्या करपाव्यात असं मनात येतं.