हफसाने मुंबईचं काम थांबवलं

भिवंडीच्या यंत्रमागवाल्या मुनीरशेठची मुलगी हफसा कॉम्प्युटर शिकली, बड्या विमा कंपनीत लागली, आणि कंपनीने तिला पाठवलं कुठे, तर खारबावच्या रस्त्याला, घरापासून रिक्षाच्या अंतरावर! गोदामांच्या रांगेत एक थंडगार इमारत, आत कपाटांएवढ्या डिस्का गुणगुणत उभ्या. मुंबईचा मेनफ्रेम, म्हणजे कंपनीचा थोरला कॉम्प्युटर, जे लिहील ते त्याच क्षणी इथेही लिहिलं जायचं. तिकडे काही झालंच तर ही नक्कल उभी राहील, अशी सोय.

"म्हणजे तू नकलेची राखण करतेस," मुनीरशेठ जेवताना चिडवायचा. "अस्सल माल मुंबईला."

"अस्सल जळाला ना अब्बा, की नकलेलाच अस्सल म्हणतात."

"आणि जळेपर्यंत तू बसून पगार घेणार! झकास नोकरी हाय."

नियम असा होता, की एका डिस्कची नक्कल अडकली तरी सगळ्यांचं लिहिणं एकदम गोठवायचं. नाहीतर एकीवर आत्ताचं, दुसरीवर मघाचं. हप्ता भरल्याची नोंद असायची, पण भरणाऱ्याचं नाव गायब. गोठवायचं की नाही ते शिफ्टच्या इन्चार्जने ठरवायचं, आणि इन्चार्ज हफसा. पण गोठवलं की मुंबईचं कामही ठप्प. मागे तिने एकदा तसं केलं, आणि निघालं काय, तर रस्ता खणणाऱ्यांनी केबल हलवली होती! तेव्हापासून मुंबईच्या मेनफ्रेमवरचा मनोज फोनवर आधी हेच विचारायचा, "काय भिवंडी, आज घाबरलात का?" आणि वरून निरोप आलेला: पुन्हा उगाच थांबवलंत, तर इन्चार्ज दुसरा.

मार्चअखेरीची भर दुपार. पडद्यावर एक डिस्क लाल झाली. हफसाने फोन लावला.

"एकच ना? बाकीच्या मस्त चालल्यात," मनोज म्हणाला. "सगळ्या शाखांत रांगा आहेत मॅडम. कृपा करा, हात लावू नका."

तो बोलतोय तोवर दुसरी लाल झाली.

हफसा लहानपणी शाळेतून परस्पर कारखान्यात यायची. ताण्याचा एक धागा तुटला आणि कारागिराने मीटर वाढावेत म्हणून लूम तसाच चालू ठेवला, की मुनीरशेठ खडखडाटाच्या वर ओरडायचा, "अरे, हँडल पहले! धागा बाद में!" हँडल ओढून आधी लूम थांबवायचा, कारण तुटल्या धाग्यावर विणलेला कपडा पुढे कितीही लांब झाला तरी व्यापारी परतच पाठवतो.

तिचा हात कीबोर्डवर गेला. सगळ्या डिस्का गोठल्या. मुंबई थांबली.

"केलंत ना पुन्हा!" मनोज कडाडला. "आता बघाच, मी वर... एक मिनिट. धूर कसला येतोय? अरे, खालच्या वायरिंगला..." आणि फोन मेला.

घाबरायला वेळ होता कुणाला! शेजारच्या खोलीत दुसरा मेनफ्रेम जावयासारखा आरामात पडून होता. हफसाने त्याला उठवला, नकलेच्या डिस्का जोडल्या, शाखांच्या लाइनी भिवंडीकडे वळवल्या. दिवेलागणीच्या आत रांगा पुन्हा सरकू लागल्या. थांबण्याआधीची शेवटची नोंद तिने मुद्दाम काढून पाहिली. हप्ता होता, नाव होतं, सगळं जागच्या जागी.

दुसऱ्या दिवशी मुंबईची मंडळी कंटेनरांच्या गर्दीत अडकत अडकत भिवंडीला पोचली. माणसं सगळी सुखरूप होती, बेसमेंट तेवढं काळंठिक्कर. मनोज दारातच घुटमळला.

"बरं झालं मॅडम, ऐकलं नाहीत माझं," तो म्हणाला. "अर्ध्या डिस्का चालू ठेवल्या असत्या तर आज काहीच जुळलं नसतं. आता आम्ही बसू कुठे?"

"त्या स्टुलावर बसा. आणि घाबरू नका."

मनोजच सगळ्यांत मोठ्याने हसला. वरून नवा निरोप आला: मुंबई उभी राहीपर्यंत कंपनी हफसाच्या खोलीतून चालेल.

जेवताना मुनीरशेठने हळूच विचारलं, "कपडा कसा निघाला?"

"एक फॉल्ट न्हाय, अब्बा."

 सकाळी कारखान्यात शिरता शिरताच मुनीरशेठने कारागिरांना लूम बंद करायला लावले, सगळ्यांना चहा मागवला, आणि सांगून टाकलं, "सुनो रे! अस्सल माल आता भिवंडीत हाय."