रांगेत मागे मागे जाणारी सूनबाई

सूनबाई अर्थशास्त्रातल्या मोठ्या अभ्यासक. नोकरी गेलेल्यांना विम्याचा भत्ता मिळाला की ते काम शोधतात की हातपाय पसरून बसतात, यावर त्यांचं संशोधन. पुढे संशोधनाचा निधीच आटला आणि त्यांचीच नोकरी गेली. भत्त्याच्या अर्जाचा शेवटचा दिवस उजाडला, तेव्हा सासूबाईंनी त्यांना जवळजवळ ढकलतच कचेरीत नेलं.

रांगेत सूनबाईंनी वही काढली. मागच्या माणसाला प्रश्न विचारायचे आणि उत्तरं दिली म्हणून त्याला आपल्या पुढे जाऊ द्यायचं, असं सुरू झालं.

"अगं, खिडकी एकला बंद होते."

"आई, आता विचारायचे तेराच जण राहिलेत."

सासूबाईंनी सरळ दंड धरून त्यांना खिडकीशी उभं केलं. कारकुनानं चष्म्यावरून पाहिलं.

"बाई, भत्ता बेकारांना असतो. तुम्ही तर सकाळपासून काम करताय."

"त्याचा पगार नाही हो मिळत."

"कशावरून?"

सूनबाई पुरावा शोधायला वही चाळू लागल्या. सासूबाई पुढे सरकल्या.

"पगार असता तर ही इतकं मन लावून करती का, साहेब?"

कारकुनानं हसू दाबत शिक्का मारला. मग एक वाजता खिडकी लावून घेतली, खुर्ची घेऊन बाहेर आला आणि बाकावर वही घेऊन बसलेल्या सूनबाईंशेजारी बसला. अर्जावर त्यांचं अर्थशास्त्राचं काम वाचून त्याला स्वतःच्या पेन्शनचं विचारायचं होतं.