दारूच्या खोलीतला धूर

कुवेतमध्ये दारूबंदी आहे हे आमच्या गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. त्यामुळे मी घरी पहिल्यांदा फोन करून "मला दारूच्या खोलीत काम मिळालंय" असं सांगितलं, तेव्हा आईने आधी देवाचं नाव घेतलं. मग थोरल्या भावाने फोन घेतला. म्हणाला, "तुला आत टाकलं तर आम्हाला कळवणार कोण?" दारू म्हणजे बंदुकीची दारू, पिण्याची नव्हे, हे त्याला समजावता समजावता माझं फोनचं कार्ड संपलं. पुढे वर्षभर आमच्या वाडीत मी कुवेतला हातभट्टी लावतो असंच चाललं होतं.

खरं काम साधं होतं. वफ्र्याच्या रस्त्याला एक खासगी नेमबाजी क्लब होता. तिथे हौशी सभासद बंदिस्त रेंजवर पिस्तुलाचा सराव करायचे. त्यांच्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुवायच्या, प्रत्येकीच्या बुडाशी ठिणगी पाडणारी नवी टिकली बसवायची, दारू भरायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. मी आलो होतो एसी आणि शटर दुरुस्त करणारा फिटर म्हणून. पण तिथलं ते काडतुसं भरायचं हँडलचं प्रेस दिसलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "हे मला येतं." मला काय येत नाही, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

येत नव्हतं, हे सांगायला नकोच. मला ते शिकवलं चाचांनी. चाचा क्लबचे कोच. रायगडच्या किनाऱ्यावरचे, फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झालेले. मी रत्नागिरीचा, म्हणजे एका खाडीचे नसलो तरी एका समुद्राचे. पहिल्याच दिवशी मी उलटी टिकली बसवली तेव्हा ते म्हणाले, "मेल्या, गावाला कंदील तरी सरळ लावत होतास काय?" त्या दिवसापासून आमचं जमलं.

चाचांना एकच कटकट होती. दरवर्षी कोचला मुदीरसमोर, म्हणजे क्लबच्या मॅनेजरसमोर, परीक्षा म्हणून नेमाच्या कागदावर गोळ्या मारून दाखवाव्या लागायच्या. ठराविक गुण पडले तर नोकरी पुढे चालू. आदल्या वर्षी चाचांचे गुण पडले नाहीत. त्यांनी सांगितलं, रेंजवर धूर इतका की समोरचा कागद दिसत नाही. ते खोटं नव्हतं. आमच्या साध्या शिशाच्या गोळ्यांना वंगण म्हणून मेण लावलेलं असायचं, ते जळायचं आणि चार जणांनी नेम धरला की आत धुकं पडायचं. मुदीरने ते मान्य केलं. म्हणाला, धुराचा बंदोबस्त करा, मग परत परीक्षा. पण ती शेवटची. त्यात नापास झालात तर नोकरी गेली, आणि नोकरीबरोबर इकामाही गेला. इकामा म्हणजे राहण्याचा परवाना. तो गेला की विमान.

"गावाला जाऊन मी करू काय?" चाचा मला म्हणाले. "पोरं आपापल्या संसाराला लागली, चाची राहिली नाही. ओट्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याला सलाम ठोकू?" मग माझ्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "तू धूर घालव. कागदाचं मी बघतो."

मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त मोठेपणा वाटला. मी म्हणालो, "चाचा, धूर गेला असं समजा." हे वाक्य मी पुढे कित्येक महिने गिळत बसलो.

आधी मी रेंजवरची हवा बाहेर फेकणारा पंखा बदलला. नवा पंखा इतका दणकट लावला की सगळा धूर उचलून तो थेट मुदीरच्या केबिनमध्ये सोडत होता. मुदीरला तसंही रेंजवर यायला आवडत नसे, त्याच्या पांढऱ्याशुभ्र दिशदाशाला, म्हणजे पायघोळ झग्याला, वास लागायचा. आता वास त्याच्या घरी चालत आला. त्याने मला बोलावून अरबीत जे काही सुनावलं त्यातले निम्मे शब्द मला कळले नाहीत, हे माझं नशीब. मग मी दारूचा ब्रँड बदलायला लावला. फरक पडला, पण पाहिजे तेवढा नाही. मग कुणा गोऱ्या सभासदाने सांगितलं की आता कोटेड गोळ्या मिळतात. शिशावर रंगीत लेप दिलेला असतो, त्याने धूर कमी होतो. मी लगेच मुदीरकडे गेलो आणि जणू हा लेप माझ्याच आजोळी बनतो अशा थाटात त्याला गोळ्या मागवायला लावल्या.

गोळ्या आल्या. हिरव्यागार, गुळगुळीत, बघत राहाव्यात अशा. मी मोठ्या प्रेमाने त्यांची काडतुसं भरली, सभासदांना बोलावलं, स्वतः मागे हाताची घडी घालून उभा राहिलो. आणि आयला, धूर पहिल्यासारखाच. एक जण खोकत खोकत बाहेर आला आणि मला विचारतो, "नवीन गोळ्या कधी येणार?"

मी सगळ्यांना दोष देऊन पाहिला. गोळ्यांच्या कंपनीला दिला, समुद्राच्या दमट हवेला दिला, बिचाऱ्या पंख्याला तर रोज दिला. महबूल्याच्या खोलीवर आम्ही सहा जण राहायचो. रात्री जेवताना मी त्यांच्यापुढे धुराची इतकी कारणं मांडायचो की एकदा आमच्यातल्या सुताराने वैतागून डाळीचं पातेलं उचललं आणि बाहेर जिन्यात जाऊन जेवला.

कारण मी स्वतः होतो. त्या हिरव्या लेपाचं कामच वंगणाचं होतं, वर काही लावायची गरज नव्हती. आणि मी काय करत होतो? आपल्या हाताला जी सवय ती. घरात तव्याला तेल, बिजागरीला तेल, पोराच्या टाळूला तेल. कोरडी गोळी प्रेसमध्ये घालायला माझा जीवच धजेना. म्हणून रोज सकाळी मी त्या गोळ्या डब्यात घालून, वर पातळ मेण ओतून, लाडू वळायच्या आधीचा रवा हलवावा तशा हलवत होतो. धूर जायला म्हणून आणलेल्या गोळीला मी धुराचं सामान चोपडत होतो.

हे मी शोधून काढलं असं त्या वेळी मी सर्वांना सांगितलं. खरं म्हणजे मेण संपलं. शुवैखच्या दुकानदाराने पाठवायला उशीर केला, सभासद दारात उभे, म्हणून मी नाइलाजाने कोरड्याच गोळ्या दाबल्या आणि आता बोंब होणार म्हणून एसीचं काम काढून गच्चीवर जाऊन बसलो. बोंब झाली नाही. खाली आलो तर रेंज इतकी स्वच्छ की पलीकडच्या भिंतीवर कुणीतरी पेन्सिलीने केलेला हिशेबसुद्धा वाचता येत होता. थोडा धूर उरला होता तो गोळी दाबताना पुंगळीच्या अरुंद तोंडावर तिचा लेप खरवडला जायचा म्हणून. तेवढं तोंड जरा उघडून घेतलं, तोही गेला. त्या संध्याकाळी मी खोलीवर सगळ्यांना कोंबडी खाऊ घातली आणि सुताराला समोर बसवून पहिल्यापासून सगळं ऐकवलं.

परीक्षेच्या आदल्या रात्रीच पाऊस पडून गेला होता. कुवेतमध्ये पाऊस पडला की हवा धुतल्यासारखी होते, धुळीचा कण राहत नाही. मुदीर बाहेरच्या अंगणात खुर्ची टाकून चहा घेत बसला. वासाच्या भीतीने तो आत येईना, कागद आणून दाखवा म्हणाला. आत फक्त चाचा आणि मी.

चाचांनी पिस्तूल उचललं. उभं राहणं असं की अजूनही फौजेतच आहेत. नेम धरून, दम रोखून त्यांनी शांतपणे सगळी काडतुसं संपवली. मी कागदाकडे बघतच नव्हतो, मी हवेकडे बघत होतो. कुठे एक रेघ नाही. मला वाटलं, आता चाचा वळतील आणि म्हणतील, शाब्बास.

चाचा वळले आणि म्हणाले, "धूर आहे रे अजून."

माझं डोकंच फिरलं. "कुठाय धूर?"

"हा काय, समोर. कागद पुसट दिसतोय."

"चाचा, धूर नावाला नाहीये. एवढे महिने मी काय झक मारली काय?"

"माझ्यावर का ओरडतोस? आहे तर आहे."

कागद ओढून आणला तर त्यावर दोनच भोकं, तीही कडेला. माझं तिकडे लक्षच नव्हतं. माझ्या कामाला कुणी नावं ठेवली की मला पुढचं काही सुचत नाही. मी पिस्तूल कपाटात ठेवून कुलूप लावलं, चाचांचा दंड धरला आणि म्हणालो, "चला बाहेर. बाहेर तर गोळ्या नाहीत ना? तिथे दाखवा मला धूर."

आम्ही भांडत भांडतच अंगणात आलो. मुदीर चहाचा पेला हातात धरून आमच्याकडे बघत राहिला. मी रस्त्यापलीकडे हात केला. तिथे पाण्याच्या टाक्या आहेत, छत्रीसारख्या उंच, निळ्या पांढऱ्या पट्ट्यांच्या. त्या दिवशी त्यांचा एकेक पट्टा मोजता येत होता.

"ती टाकी दिसतेय ना? पट्टे दिसतायत ना? मग हवा स्वच्छ आहे."

चाचांनी डोळे बारीक केले. मानेने जरा इकडे, जरा तिकडे केलं.

"कुठली टाकी?" ते म्हणाले. "एवढी धूळ उठलीय, त्यात टाकी काय दिसणार?"

मी हात खाली घेतला. हा माणूस खोटं बोलत नव्हता. आत असला की त्याला धूर दिसायचा, बाहेर आला की धूळ दिसायची, आणि या देशात दोन्ही इतकं असतं की स्वतःच्या डोळ्यांवर संशय घ्यायचं त्याला कधी कारणच पडलं नाही.

मुदीर उठून आमच्याजवळ आला. आमचं मराठी त्याला कळत नव्हतं, फक्त आवाज कळत होता. त्याने चाचांकडे बोट करून मला विचारलं, "दुखान?" अरबीत धुराला दुखान म्हणतात. आपल्या दुखण्याच्या इतक्या जवळचा शब्द की मला क्षणभर वाटलं, याला सगळं समजलं.

मी चाचांकडे पाहिलं. ते मान ताठ करून उभे होते, आपण बरोबर आहोत याची खात्री असल्यासारखे. मग मुदीरला माझ्या मोडक्यातोडक्या अरबीत मी सांगितलं, हो, दुखान. फार दुखान. गोळ्या चांगल्या आहेत, भरणाऱ्याला अक्कल नाही. आजची परीक्षा धरू नका, मला अजून थोडा वेळ द्या, आणि तोवर चाचांना पिस्तूल देऊ नका, ही काडतुसं बरोबर नाहीत.

मुदीरने मला गाढव म्हटलं. तो अरबी शब्द मला चांगला येत होता. पंख्याचं जुनं प्रकरण काढलं, माझा पगार कापायची धमकी दिली, आणि एक महिना दिला. हातात पेला तसाच घेऊन तो केबिनमध्ये निघून गेला.

"बघ," चाचा म्हणाले. "मी मघापासून काय सांगत होतो?"

"होय चाचा. माझंच चुकलं."

"मग उगाच तंडत होतास."

"उद्या माझ्याबरोबर जाब्रियाला याल का?" मी विचारलं. "तिथे डोळ्यांचा दवाखाना आहे. या धुराने माझे डोळे सारखे चुरचुरतायत. एकट्याने जायला भीती वाटते मला."

चाचा हसले. माझा खांदा शोधायला त्यांचा हात जरा चाचपडला, मग सापडला.

"एवढा घोडा झालास आणि डॉक्टरला घाबरतोस?" ते म्हणाले. "येतो मी. आधी माझे तपासायला सांगू. काही होत नाही हे बघितलंस की मग तू बस."