मेलेल्या कॅमेऱ्याचा नंबर

मी चौथीपर्यंत शिकलोय, आणि तेवढं मला पुरलं. आयुष्यभर मार्केटात पोती उचलली, शेवटी शेवटी टोळीचा मुकादम झालो. माझा बिल्ला दोनशे बारा नंबरचा. आता जुईनगरला सोसायटीत राहतो आणि पंपरूमची चावी माझ्याकडं असते. किती वर्षं ते मोजलं नाही, पण तेवढ्या काळात चार चेअरमन झाले. चावीवाला एकच.

मागं आमच्या गेटवरचा कॅमेरा बंद पडला. मीच शिडी लावून खाली काढला. सेक्रेटरी म्हणाले, "द्या इकडं, भंगारात टाकतो." वॉचमनच्या केबिनमधल्या टीव्हीवरचा गेटचा चौकोनही त्यांनी काढून टाकला. हे सेक्रेटरी बँकेतून रिटायर झालेत. झाडू आणायचा असला तरी त्याचा ठराव पाहिजे. नव्या कॅमेऱ्यावर तीन मिटिंगा झाल्या, तिन्ही वेळेला चहा झाला. कॅमेरा आला तो खोक्यातच पडून राहिला, कारण कंपनीचा माणूस "उद्या येतो" म्हणाला होता आणि त्याचा उद्या काही उजाडत नव्हता.

चौथ्या मिटिंगला मी म्हणालो, "खोकं माझ्याकडं द्या. रविवारपर्यंत चालू करतो."

सेक्रेटरींनी चष्म्यावरून बघितलं. "मुकादम, हा टेक्निकल विषय आहे. त्याला आयपी ॲड्रेस द्यावा लागतो. तुम्ही आपलं पाण्याचं बघा."

"आख्ख्या टोळीला नंबर वाटलेत मी. एका कॅमेऱ्याचं काय घेऊन बसलात?"

"आणि नाही जमलं तर?"

"तर पंपरूमची चावी या टेबलावर." बोलून गेलो.

सेक्रेटरींनी ते तिथल्या तिथं मिनिटबुकात उतरवलं. एवढ्या चपळाईनं त्यांनी कधी काही लिहिलेलं मी पाहिलं नव्हतं.

माझी सून महापेला ऑफिसात कॉम्प्युटरवर काम करते. मला मामा म्हणते, पण ऐकते स्वतःचंच. शनिवारी सुट्टी होती. मी नवा कॅमेरा गेटवर ठोकला, तिनं केबिनमध्ये लॅपटॉप लावला आणि मला समजावून सांगितलं. कारखान्यातून निघताना या सगळ्या कॅमेऱ्यांना एकच नंबर असतो. आपल्याकडं आला की आपण त्याला त्याचा स्वतःचा द्यायचा. नंबरात चार आकडे. पहिले तीन आख्ख्या सोसायटीला सारखे, शेवटचा ज्याचा त्याचा.

"म्हणजे पहिले तीन टोळीचे, शेवटचा बिल्ला."

"तसंच समजा. बोला मामा, शेवटचा कुठला देऊ? मोकळा पाहिजे हं. दोघांना एकच दिला तर दोघंही धड चालत नाहीत."

भिंतीवर सेक्रेटरींनी टाईप केलेली कॅमेऱ्यांच्या नंबरांची यादी होती. त्यात गेटपुढं अकरा. आमच्या टोळीत रीत अशी, की माणूस थकला किंवा गेला की त्याचा बिल्ला त्याच्या वारसाला. नवा नंबर मागत कोणी फिरत नाही. म्हटलं, "अकराच दे. म्हातारा गेला, जागा वारसाची."

"तो नक्की बंद आहे ना?"

"माझ्या हातानं उतरवलाय. मयताला काय विचारायचं?"

तिनं अकरा टाकला आणि टीव्हीवर गेटचा चौकोन परत मांडला. चित्र आलं. गेट, दूधवाल्याची सायकल, खुर्चीत डुलकी घेणारा वॉचमन. मी मिशीवरून हात फिरवला. दोन मिनिटांत चित्र गेलं. आलं. परत गेलं. संध्याकाळपर्यंत हेच चाललं. सेक्रेटरी केबिनसमोरून फेऱ्या मारत होते. "मुकादम, चावी पुसून ठेवा. टेबलाला डाग नको."

रविवारी अकराला मिटिंग होती. नऊ वाजल्यापासून आम्ही दोघं टीव्हीसमोर बसलो. एकदा चित्र गेलं आणि क्षणभर भलतंच आलं. हिरवं दार, त्याला कुलूप, कुलपाला लाल चिंधी. ती चिंधी मी बांधलेली.

"सूनबाई, हे गेट न्हाई. ही माझी पंपरूम हाय."

तसाच उठलो. पंपरूमसमोर पत्रपेट्या आहेत, त्यांच्यावर मनीप्लांट. त्या पानांच्या आड आमचे मयत बसले होते, दिवा लुकलुकवत, थेट माझ्या कुलपावर नजर लावून.

मिटिंगला विचारलं, "साहेब, भंगारात नक्की काय टाकलंत?"

सेक्रेटरी चष्मा पुसायला लागले. "त्याची फक्त वायर सैल होती. मी ती जोडून घेतली. बी विंगला पाणी आधी कोण सोडतं, एवढंच मोबाईलवर बघायचं होतं. सोसायटीच्या हितासाठी."

"मी सोडतो. पाच मिनिटं आधी. मी स्वतः ए विंगला राहतो. बी विंगच्या चौथ्या मजल्यावर पाणी चढत नाही, तिथं दोन म्हाताऱ्या एकट्या राहतात. विचारलं असतं तर तोंडानं सांगितलं असतं."

हे मात्र मिनिटबुकात उतरलं नाही. पेन चालत नव्हतं म्हणे.

"मामा, आता खरंच मोकळा असलेला नंबर सांगा," सून म्हणाली. "दोनशे चोपन्नच्या आतला."

माझ्या पोरानं बिल्ला घेतला नाही. एसीत बसतो, चांगलं आहे. मीच मार्केटातल्या ऑफिसात जाऊन तो खिडकीतून आत दिला, आणि क्लार्कनं न बघता ड्रॉवरमध्ये टाकला. घरी कुणाला बोललो नव्हतो.

"दोनशे बारा," म्हणालो.

तिनं माझ्याकडं बघितलं आणि तोच टाकला. गेट दिसायला लागलं आणि दिसतच राहिलं. मिटिंग उठायच्या आत. चावी माझ्या खिशातच राहिली.

चेअरमन म्हणाले, तो जुना कॅमेरा काढून टाकू. मीच आडवा पडलो. "राहू द्या. चूक माझी, जित्या माणसाचा बिल्ला मी दुसऱ्याला दिला. अकरा त्याचाच."

आता रोज पहाटे मी पंपरूमसमोर उभा राहतो, मनीप्लांटकडं बघून चावी वर धरतो, नीट दिसेल अशी, आणि बी विंगचा व्हॉल्व्ह उघडतो. पूर्वी पाच मिनिटं आधी सोडायचो. आता दहा.