बाईसाहेबांच्या नाकाचा भरवसा

फिनेलमामांनी उभं आयुष्य इस्पितळाचे संडास आणि व्हरांडे धुण्यात घालवलं. निवृत्तीच्या दिवशी इस्पितळाने त्यांना एक शाल दिली आणि त्यांचं नाक ठेवून घेतलं. ॲसिडच्या वाफांनी वास येणं कधी बंद झालं, त्यांनाही कळलं नाही. घरात मात्र त्यांनी ब्र काढला नव्हता. सफाईवाल्याचं नाक जाणं म्हणजे आचाऱ्याची जीभ जाणं.

आता ते मुलाच्या नव्या घरात राहत. सोबत बाईसाहेब, म्हणजे बायकोच्या मागे उरलेली कुत्री. बायको गेल्यापासून मामा मनातलं जे काही बोलत, ते हिच्याशीच. हिचंही वय झालं होतं, लघवी आवरत नव्हती, आणि घरभर सुनेने हौसेने निवडलेला पांढरा संगमरवर होता.

हॉलमध्ये पहिला डाग पडला तेव्हा मामांनी सवयीने ॲसिड ओतलं. दगड फसफसला. डाग गेला, जाताना चकाकीही घेऊन गेला, आणि बशीएवढा आंधळा ठिपका उरला.

"बाबा, हा काय दवाखान्याचा संडास आहे?" सून कडाडली. "आणि वास तर तसाच मारतोय! येत नाही तुम्हाला?"

"मला तर नाही येत," मामा म्हणाले. इतकं खरं बोलून इतका खोटा ठरलेला माणूस विरळा.

मुलाने मधला मार्ग काढला. तो नेहमी मधलाच मार्ग काढी आणि त्यावरून बापाला चालायला लावी. "रविवारी हिचे आईवडील यायचेत. तोवर वास गेला तर ठीक. नाहीतर बाईसाहेब कुत्र्यांच्या आश्रमात. तिथे छान असतं म्हणे."

"कोण म्हणालं? कुत्रे?"

फरशीच्या दुकानदाराने सांगितलं, संगमरवर पाणी पितो तसा मूतही पितो. वरून पुसून काय होणार? खायच्या सोड्याचा लेप थापा, प्लास्टिकने झाका, वाळला की खरवडा. मामांनी लेपावर लेप थापले. आधी पिवळट निघाले, मग कमी पिवळट, शेवटी पांढरेशुभ्र. दगडाने सगळं ओकलं असावं. पण वासाचं काय? कुणाला विचारावं, तर इतक्या वर्षांचं पितळ उघडं पडणार.

घरात भरवशाचं नाक एकच उरलं होतं. रविवारी सकाळी मामांनी बाईसाहेबांना पट्टा धरून ठिपक्यापाशी आणलं. जुना वास लागला की ती तिथेच बसायची, म्हणून तर परीक्षा पक्की होती.

बाईसाहेबांनी हुंगलं. थांबल्या.

"चला की हो पुढे," मामा कुजबुजले.

बाईसाहेब बसल्या आणि त्यांनी सविस्तर उत्तर दिलं. ओघळ सोफ्याखाली शिरला तेव्हा मुलगा दारात उभा होता.

"तुम्हीच आणलंत हिला इथे? आजच्या दिवशी?"

"मला वास येत नाही रे. कित्येक वर्षं झाली."

"बाबा, निदान नवीन काहीतरी सांगा."

दुसऱ्या दिवशी आश्रमाचा माणूस गाडी घेऊन आला. बाईसाहेबांच्या डोक्यावरून हात फिरवत त्याने विचारलं, "घरात घाण करते का, काका?"

"छे! कधीच नाही," मामा म्हणाले.

"मग देताय कशाला?"

मुलगा मोबाईलमध्ये बघत राहिला. मामांनी पट्टा त्या माणसाच्या हातात दिला.