तानीला बघायला आलेले पाहुणे

जगात ज्या काळज्या अजून कुणाला सुचलेल्याही नाहीत, त्या आमच्या साडूभाऊंच्या केव्हाच करून झाल्या आहेत. कागलच्या एमआयडीसीत एका फौंड्रीत त्यांनी उभा जन्म ओतीव माल तपासण्यात घालवला. ज्या तुकड्यात कुणालाच चीर दिसत नसे, त्यात यांना हमखास दिसायची. निवृत्त झाल्यावर तीच नजर त्यांनी उरलेल्या जगाकडे वळवली. शिवाजी पेठेत राहून फुटबॉल बघायचा नाही हे शोभत नाही, म्हणून ते मॅचला येतात. पण अख्खं मैदान गोलसाठी बोंबलत असताना हे दोन्ही संघांच्या पोरांचे गुडघे बघत बसतात. "पावणं, त्यो पिवळा शर्ट लंगडतोय बघा. त्येच्या आईला कळलं तर काय वाटंल?" शेजारी चिडून बघतात. मग साडूभाऊंना चिडणाऱ्याच्या रक्तदाबाची काळजी लागते.

असा माणूस कुत्रं पाळेल असं आम्हाला कुणी सांगितलं असतं, तर आम्ही त्यालाच डॉक्टरकडे नेलं असतं. खरं म्हणजे ते पुण्याला गेले होते ते लेकीला अडवायला. तिला बेवारशी कुत्र्यांच्या शेल्टरमधून एक पिल्लू घरी आणायचं होतं आणि यांना चावण्यापासून केसांच्या अॅलर्जीपर्यंत सगळं दिसायला लागलं होतं. शेल्टरमध्ये बाकीची कुत्री जाळीवर उड्या मारत होती. एक काळी, कान कुरतडलेली, वयस्कर कुत्री मात्र कोपऱ्यात भिंतीला चिकटून येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक चपलेकडे संशयाने बघत होती. साडूभाऊ तिच्यासमोर जे थांबले ते हललेच नाहीत. "हिला लई काळजी हाय गं कसलीतरी," ते लेकीला म्हणाले. लेक पिल्लाशिवाय परतली आणि हे कुत्री घेऊन कोल्हापूरला आले. अट एवढीच होती की महिनाभर सांभाळायचं, मग शेल्टरची माणसं येऊन घर बघणार. पटलं तर कुत्री कायमची यांची, नाही तर परत पुण्याला. शेल्टरमधलं तिचं नाव कुकी होतं. त्यांच्या बायकोने, म्हणजे आमच्या आक्कांनी, ते उंबऱ्याबाहेरच ठेवलं आणि तिला तानी केलं.

तानी आली ती थेट पलंगाखाली गेली. जेवेना, बाहेर येईना. साडूभाऊंनी पलंगाशेजारी जमिनीवर चटई टाकली आणि तिथंच मुक्काम हलवला. तिला शिट्टीची भीती वाटते म्हणून घरातला कुकर बंद झाला आणि डाळ पातेल्यात शिजायला लागली. दारावरची बेल निघाली. आलेल्यागेलेल्याला हे दारातच ओठांवर बोट ठेवून अडवत, "हळू बोला की, झोपलीया." आता कोल्हापुरात हळू बोलायचं म्हणजे माणूस आजारी आहे असं लोकांना वाटतं. गल्लीतली दोन माणसं तर साडूभाऊंचीच तब्येत विचारून गेली. मग एका सकाळी तानीने त्यांच्या हातून अर्धी भाकरी खाल्ली, आणि त्यांनी मला फोन करून ती पचेल का, असं विचारलं.

शेल्टरची माणसं रविवारी येणार असा निरोप आला आणि घराचा रंगच पालटला. घर बघायला पाहुणे येणार म्हटल्यावर आमच्याकडे काय करतात ते सगळं साडूभाऊंनी केलं. भिंती पुसल्या, नवी चादर घातली, पोह्यांची तयारी झाली. तानीची फाटकी गादी, चावलेल्या चपला, जेवणाचं भांडं सगळं माळ्यावर गेलं. घराला कुत्र्याचा वास यायला नको म्हणून उदबत्त्या लावल्या. आणि तानी परक्या माणसांना बघून पलंगाखाली शिरली तर वाईट दिसेल, म्हणून तिची रवानगी दोन गल्ल्या पलीकडे आमच्या घरी, माझ्या बायकोकडे झाली. बैठकीला चार माणसं असावीत म्हणून मला मात्र बोलावून घेतलं.

एक तरुण मुलगी आणि तिचा सहकारी आले. पोहे झाले, घराचं कौतुक झालं. मग मुलीने विचारलं, "कुकी कुठे आहे?"

साडूभाऊ घाबरले. "ती व्हय? ती पावण्यांकडं गेलीया."

"आणि तिची झोपायची जागा? भांडं?"

त्या लखलखीत घरात कुत्र्याचा एक केससुद्धा नव्हता. मुलीने चहाचा कप खाली ठेवला. "काका, ती नक्की तुमच्याकडेच आहे ना?"

मी घाईघाईने बायकोला फोन लावला. ती रडतच होती. दूधवाल्याला दार उघडलं तेवढ्यात तानी पट्ट्यातून मान काढून निसटली होती. हे ऐकून साडूभाऊ अनवाणी उठले. त्यांच्या तोंडाकडे बघवत नव्हतं. आयुष्यभर ते घाबरत आले होते, पण मी त्यांना खरोखर घाबरलेलं तेव्हाच बघितलं.

ते दारापर्यंत पोचले आणि समोरून तानी आली. सगळ्या अंगाने थरथरत होती. रविवारच्या पेठेतून, गाड्या, हॉर्न आणि माणसं चुकवत ती एकटी आली होती. पाहुण्यांकडे तिने बघितलंही नाही. ती साडूभाऊंच्या पायांवर येऊन पडली आणि ते खाली बसून तिचे पंजे उलटेपालटे करत तिला झापायला लागले. "रस्ता कसा वलांडलास? हिकडं-तिकडं बघितलंस का न्हाय?"

मुलीने डोळे पुसले. "काका, राहू दे तिला इथेच," ती म्हणाली.

दुसरा कुणी असता तर पेढे आणायला धावला असता. साडूभाऊंनी तानीच्या डोक्यावर हात ठेवून विचारलं, "आनि हिच्या आधी मी गेलो तर? परत जाळीत न्हाय न्यायचं हं. हिला आवाज सोसत न्हाय."

"मग मी कुठं चाललीया?" आक्का आतून ओरडल्या.

"तूबी जाशीलच की कवातरी," ते गंभीरपणे म्हणाले आणि माझ्याकडे वळले. "पावणं, मग तुमी घ्याल?"

एरवी मी त्यांची टर उडवली असती. तानी आमच्याकडे राहणार नाही, हे तर सगळ्यांना आत्ताच दिसलं होतं, त्यांनाही. तरी मी हो म्हणालो, आणि तेवढ्यापुरता का होईना, त्यांचा जीव भांड्यात पडला.